गावापुढचा कट

१४ जून, शनिवार
ग्रा.पं.चा फळा आज पुसून नव्याने लिहिला. नळ दिवसाआड. घंटागाडी बुधवार आणि शनिवार. सोमवारी ग्रामसभा, विषय : हायवेवरचा कट. गजू मागे उभा राहून पाहत होता. म्हणाला, "मास्तर, खडू संपन, पण तुयं खोडनं संपनार नाई." बारावी अर्ध्यावर सोडलेल्याला हा मास्तर म्हणतो. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याला काही म्हणता येतं.

विषय कटाचा ठेवला, कारण मंगळवारी तिथे ट्रकने मोटारसायकल उडवली. बाहेरगावचा माणूस होता, पाय गेला म्हणतात. बाबा बैल घेऊन नुकतेच अलीकडे आले होते. गाव इकडे, आमचं वावर तिकडे, मध्ये चौपदरी रस्ता. दुभाजकातला तो एक कट सोडला तर बैलांना वाट नाही. बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. आणि दुभाजक ओलांडला की गाड्या डावीकडूनच येतात, जाताना काय नि येताना काय. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंगेश, तू झोपत जाय जरा."

१६ जून, सोमवार
ग्रामसभा. कोरम भरला नाही म्हणून तहकूब केली, चहा झाला, मग तीच माणसं तिथेच पुन्हा बसली. कोणी ब्रेकर मागितला, कोणी सिग्नल, कोणी मोठा लाइट. सचिव साहेब म्हणाले, हायवेवर ब्रेकर मिळत नाही. मग सरपंच म्हणाले, "आपन कायले डोकं लढवाचं? कट धोकादायक हाय, तातडीनं उपाय करा, एवढंच लिहू. उपाय काय कराचा ते त्याहीचे इंजिनेर पाह्यतीन."

सगळ्यांनी हात वर केले. बाबांना नीट ऐकू आलं नव्हतं, शेजाऱ्याचा हात पाहून त्यांनीही केला. ठराव आणि अर्ज मीच लिहून काढला, अक्षर बरं म्हणून. 'धोकादायक' खाली दोन रेघा मारायला सरपंचांनी सांगितलं. मारल्या.

२७ जून, शुक्रवार
सकाळी कटाजवळ क्रेन उभी दिसली. एवढ्या लवकर काम! धावत गेलो, आईलाही हाक मारली. क्रेनने सिमेंटचे ठोकळे उतरवले आणि एकाला एक लावून कट बंद केला. मुकादमाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तुमच्याच गावचा अर्ज हाय भाऊ. घ्या, आता धोका नाई." मोबाइलवर अर्जाचा फोटो काढून दाखवला. अक्षर माझंच. दोन रेघाही स्पष्ट आल्या होत्या.

बाबा आणि बैल त्या वेळी वावरात. दिवेलागणीला आले ते ढाब्यापर्यंत खाली जाऊन, तिथल्या कटातून वळून, मग कडेकडेने गावापर्यंत. लाल्या-चांद्या दोघेही घामाने ओले. बाबा म्हणाले, "कोनं केलं बे हे?"
आई म्हणाली, "गावानं."

२८ जून, शनिवार
सचिव साहेबांनी सांगितलं तसं फळ्यावर लिहिलं : 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, अपघात टाळण्यासाठी गावासमोरील कट बंद करण्यात आला आहे. ढाब्याजवळील कटाचा वापर करावा.'
दुपारी पाहिलं तर खाली कोळशाने कोणी तरी लिहून ठेवलं होतं : 'बैलाले सांगा.'
पुसलं. पुसताना हसू आलं, मग बरं वाटलं नाही.

एसटी पलीकडे सोडते. कॉलेजच्या पोरी दप्तर आधी अलीकडे फेकतात आणि ठोकळ्यांवर चढतात. एकीची चप्पल पलीकडेच राहिली, ती पुन्हा गेली. मी पाहू शकलो नाही, घरात आलो.

२ जुलै
नाल्याजवळ हायवेखालून बोगदा आहे. कागदावर आमचा पर्यायी रस्ता तोच. सकाळी बैल नेऊन पाहिले. कमरेएवढं पाणी, खाली गाळ. चांद्याने पाण्यात तोंड घातलं, वास घेतला आणि मागे सरला. बाबांनी हाणला नाही. म्हणाले, "जनावर हाय, पन समजते त्याले."

७ जुलै, सोमवार
वर्धेला लोकशाही दिन, म्हणजे तक्रार थेट मोठ्या साहेबांपुढे ठेवता येते. सरपंच येणार होते, ऐन वेळी लग्न निघालं. मी एकटाच गेलो. जिल्ह्याच्या ठिकाणी मला नेहमी आपल्या चपला मळक्या दिसतात. रांगेत बसलो, नंबर आला. टेबलावरच्या बाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. शिवाय आधी तालुक्याला जाऊन यावं लागतं. आणि हायवेचं ऑफिस वेगळं.
हायवेच्या ऑफिसात शिपाई म्हणाला, साहेब साइटवर आहेत. कोणत्या साइटवर? "थे साइटवर गेल्यावर समजनार."

येताना कटाजवळ उतरलो आणि ठोकळ्यांवरून चढूनच आलो. दुसरा रस्ता कुठे आहे?

१५ जुलै, मंगळवार
सकाळी दोन ठोकळे बाजूला सरकलेले. ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा सरळ दिसत होत्या. गजूच्या घरापुढे गेलो तर तो चाक धूत बसला होता. "काय पाह्यतं? चिखल हाय गड्या, पावसाया हाय." तळहात सोलले होते.

बाबा त्यातून बैल घेऊन गेले, दिवसभर पिकाच्या ओळींत डवरणी केली आणि त्यातूनच आले. घरात आज सगळे नीट जेवले. आईने मला विचारलं, "फळ्यावर लिहशीन काय, वाट झाली म्हनून?" थट्टाच होती.

१७ जुलै
ठोकळे परत लावले. त्यावरून लोखंडी पट्टी ठोकली, जाड, बोल्ट मारून, कटाच्या बरीच पुढेमागे. सचिव साहेबांनी फळा लिहायला सांगितला : 'दुभाजकाची मोडतोड करणाऱ्या अज्ञात व्यक्तींवर गुन्हा दाखल करण्यात येईल.' मी लिहीत असताना अज्ञात व्यक्ती शेजारी उभी राहून खर्रा खात होती. म्हणाली, "मास्तर, 'अज्ञात' लय छान काढलं बे."

मला हसता येत नाही. पोलिसांनी अक्षर ओळखून मलाच विचारलं तर? म्हणजे फळ्याबद्दल नाही, पण ठोकळे कोणी सरकवले हे विचारलं तर.

२२ जुलै
रोजचा क्रम असा झाला आहे. सकाळी उजाडलं की मी पुढे लाल फडकं घेऊन, मागे बाबा आणि बैल. ढाब्यापर्यंत राँग साइडने, तिथून वळून वावरापर्यंतही तसंच. फडकं आईच्या जुन्या लुगड्याचं आहे. समोरून येणारे ट्रकवाले हॉर्न मारतात, काही जण शिव्या देतात, एक हात जोडून गेला. बैलांच्या शिंगांना मी रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या. बाबा म्हणाले, "पोळा लवकर आनला तुवा."

पलीकडे आमच्याशिवाय आणखी दोन जोड्या आहेत. त्यांच्या मालकांनी बैल वावरातच ठेवले. बाबा ऐकत नाहीत. "बैल घरचा हाय, वावरात कायले बांधू? रानात बिबट्या फिरून राह्यला."

२९ जुलै, मंगळवार
आज झालं. ज्याची भीती होती तेच, पण पूर्ण नाही.

जाताना पाऊस होता. ढाब्याच्या कटातून वळून वावराजवळ आलो होतो. एक ट्रक ओव्हरटेक करत कडेला आला. मी फडकं हलवलं, ओरडलो. बाबांच्या डाव्या बाजूने होता. लाल्याने जोर करून त्यांना नालीकडे ओढलं. चांद्याला ट्रकच्या मागच्या कोपऱ्याचा घासा लागला आणि तो गुडघ्यावर बसला. ट्रक थांबला नाही. काय झालं हे बाबांना चांद्या पडल्यावरच कळलं. ते त्याच्या गुडघ्याला हात लावून बसून राहिले, आणि मी अजून फडकं हलवतच होतो.

गुडघ्याची चामडी गेली, हाड शाबूत. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. ते म्हणाले, चार-सहा दिवस चालवू नका. आणि घर पलीकडे.

३१ जुलै
बाबांनी ठरवलं. बैल आता वावरातच, आणि बाबाही तिथेच. खोपडीवर नवीन ताडपत्री टाकली, खाट नेली. खाट मी आणि गजूने पट्टीवरून पलीकडे दिली. डबा दोन्ही वेळा मी नेतो.

बाबांना फोनवर ऐकू येत नाही. म्हणून असं ठरलं की दिवेलागणीला त्यांनी तिकडून टॉर्च दोनदा दाखवायचा. दोनदा म्हणजे ठीक आहे. आई ओसरीत उभी राहते. आज दाखवला. मध्ये ट्रकच एवढे येतात की दुसरा दिसला की नाही, याची खात्री होत नव्हती. आई म्हणाली, दिसला.

६ ऑगस्ट
फळा : जंतनाशक गोळ्या, शाळेत. दिव्यांची दुरुस्ती, पुढच्या आठवड्यात. 'गावासमोरील कटाबाबत पाठपुरावा सुरू आहे.' ही शेवटची ओळ सरपंचांची. मी विचारलं, कुठे सुरू आहे? ते म्हणाले, "लिहून ठेव ना बापा, लोकाइले बरं वाटते."

मीच रोज फळ्यासमोरून जातो. मला बरं वाटत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
स्थळपाहणी! हायवेचे साहेब आले. छत्री एकाने धरली, फोटो एकाने काढले. सरपंच, सचिव, आम्ही सगळे. मी पाठ केलेलं सगळं बोललो : वावर पलीकडे, बोगद्यात पाणी, बैल, बाबा, डावा कान. कान कशाला सांगितला, कुणास ठाऊक.
साहेबांनी ऐकून घेतलं. वयाने माझ्याहून फार मोठे नसतील. म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण इथे अपघात झाल्याची नोंद आहे आणि गावाचाच ठराव आहे. आता उघडायचं तर वरून सुरक्षा तपासणी होऊन यावी लागते. माझ्या हातात नाही." मग हळू म्हणाले, "माझे वडीलही शेती करतात."

मी 'हो का' म्हणालो.

१५ ऑगस्ट
झेंडा. मग ग्रामसभा. सरपंचांनी उभं राहून सांगितलं, आनंदाची बातमी आहे. मला वाटलं, कट उघडणार. बातमी अशी की गावाच्या स्वागत कमानीला मंजुरी आली. हायवेकडे तोंड करून, बरोबर बंद कटासमोर.

गजू मागून ओरडला, "स्वागत कोनाचं हो काका? येनार कुठून?" लोक हसले. सरपंचही हसले. फळ्यावर कमानीचं लिहिलं.

डबा नेला तेव्हा बाबांना सांगितलं. ते चांद्याच्या गुडघ्याला हळद-तेल लावत होते. म्हणाले, "मोठी कर म्हना. बैल जाईन अशी."

१९ ऑगस्ट
पोळा शुक्रवारी. पोळा भरतो त्या आखरावर तोरण बांधायची तयारी सुरू. पलीकडच्या तीन जोड्यांचं काय? सरपंच ठाण्यात जाऊन आले. तिथे म्हणाले, रस्ता अडवता येणार नाही, पलीकडच्यांनी पलीकडेच पोळा भरवावा.

बाबांना हे सांगायला सरपंच स्वतः पट्टी ओलांडून वावरात आले. पोट सुटलेलं आहे, त्यांना दोघांनी धरावं लागलं. मी तिथेच होतो. बाबा म्हणाले, "तोरन काय ज्याच्या त्याच्या वावरात बांधतेत काय? गावाचं तोरन एकच राह्यते. बैल वर्षातून एक दिवस घरी जेवाले येते. बाकी दिवस त्यानं आपल्याले खाऊ घातलं."
सरपंच म्हणाले, "म्या काय करू, दादा? सांग ना, म्या काय करू?"
चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आज बैलांची खांदशेकणी. आईने तूप-हळद दिली. ती स्वतः आली, पदर खोचून पट्टीवरून उतरली. एवढ्या वर्षांत खांदशेकणी कधी वावरात झालेली नाही, घरच्या गोठ्यातच होते.

बाबांनी आधी लाल्याचा, मग चांद्याचा खांदा शेकला. पळसाच्या पानाने तूप लावलं. मग दोघांच्या पुढे उभं राहून नेहमीचं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दरवर्षी मी हे ऐकतो. आज मी आईकडे पाहिलं आणि आईने हायवेकडे पाहिलं.

परत येताना ती म्हणाली, "पुरन वाटून ठेवतो. दोघाइचं."

२२ ऑगस्ट, पोळा
झालं तसं लिहून ठेवतो.

दुपारपर्यंत काही ठरलेलं नव्हतं. आखरावर गावाच्या जोड्या उभ्या राहिल्या, पोळ्याच्या झडत्या म्हणणं सुरू झालं. मग गजू ट्रॅक्टरचा पाना घेऊन निघाला. त्याच्यामागे वीस-पंचवीस पोरं, मग बायका, मग सरपंच, "अरे थांबा, थांबा" म्हणत, पण निघाले सगळ्यांबरोबरच. पोरांनी दोन्हीकडे दोर धरून ट्रक थांबवले. गजूने पट्टीचा एक तुकडा सोडवला, एक ठोकळा लोटला. एक जनावर जाईल एवढी जागा झाली.

बाबांनी आधी दुसऱ्या दोन जोड्या जाऊ दिल्या. "त्याहीचे तरने हायेत, बुजतीन." त्या आल्या. मग चांद्या. त्याचा कासरा माझ्या हातात होता. लंगडत, पण एकदाही न थांबता आला. बेगड लावलेली शिंगं, अंगावर झूल. बायकांनी तिथेच ओवाळलं. मी मागे वळून पाहिलं नाही. चांद्याला दुभाजकापासून नेऊन कडेला लावला आणि मग वळलो.

लाल्या पलीकडच्या कडेला उभा. ट्रकांची रांग लांबपर्यंत गेली होती आणि सगळे मिळून हॉर्न देत होते. तो पुढचे पाय रोवून उभा. बाबा त्याच्या मानेशी तोंड नेऊन काही बोलत होते. त्यांना हॉर्न अर्धेच ऐकू येत असणार. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. मारलं कोणाला नाही. एक साहेब ओरडला, "मागे अँब्युलन्स अडकली आहे, दोर सोडा!" अँब्युलन्स म्हटल्यावर पोरांनी दोर सोडला. कोणीही सोडला असता. ती खरोखर होती, सगळ्यात आधी तीच गेली.

आणि तिच्यामागे सगळे ट्रक.

हायवेची गाडी आली. अंधार पडायच्या आत पट्टी बसली, बोल्टही आवळले. गजूचं नाव लिहून घेतलं. बाबा तोपर्यंत लाल्याला घेऊन पलीकडेच उभे होते. मग वळून वावराकडे गेले.

चांद्या तोरणाखाली एकटा उभा राहिला. जोडीच्या रांगेत एकटा. आईने घरी त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी पुढे केली. अर्धी खाल्ली. दुसरं ताट मी पलीकडे नेलं. लाल्याने तोंड फिरवलं, बाबांनीही.

दोघांना आवतण होतं.

२३ ऑगस्ट
आज पोळ्याचा पाडवा. लहान पोरांचा तान्हा पोळा. लाकडाचे बैल घेऊन पोरं दारोदार फिरली. आमच्या दारात एका पोराने चांद्याकडे पाहून विचारलं, "याची जोडी कुठं हाय?"

चांद्या कडबा हुंगतो आणि सोडून देतो. दावं ताणून हायवेकडे तोंड करून उभा आहे. गजूला ठाण्यात बोलावलं, संध्याकाळी सोडलं. गजू गप्प असला की गाव रिकामं वाटतं. सरपंच येऊन गेले, ओसरीत बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, पुढच्या सोमवारी लोकशाही दिनाला वर्धेला जाऊ. मी हो म्हणालो. पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, हे सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
दिवेलागणीला चांद्या हंबरला. थोड्या वेळाने, दोन ट्रकांच्या मधल्या फटीत, पलीकडून लाल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोघंही उभे राहून ऐकत होतो. पुन्हा ट्रक आले, मग काही कळलं नाही.

डबा नेला तेव्हा बाबांनी सांगितलं, "उद्या उजाडलं का चांद्याले घेऊन येजो. त्यानं तिकडं खाल्लं नाई, यानं इकडं खाल्लं नाई. डवरनी राह्यली हाय."
"कुठून आणू, बाबा?"
"जिथून आनत होतो तिथून."
"त्याचा गुडघा अजून..."
त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा म्हणालो नाही.

फळा उद्याचा आजच लिहून ठेवला. नळ दिवसाआड. घंटागाडी बुधवारी. कमानीच्या पायाचं काम सुरू होत आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. कटाबाबत पाठपुरावा सुरू आहे. प्रत्येक ओळ दोनदा वाचली, चूक नाही.

लाल फडकं शोधलं. आईने धुऊन वाळत घातलं होतं. ओलंच आहे. ती म्हणते, सकाळपर्यंत वाळेल. म्हणते, "मी पुढं चालतो फडकं घेऊन, तू कासरा धर." मी म्हणालो, नको, मी धरतो दोन्ही. फडकं एका हातात आणि कासरा एका हातात धरून ओसरीत चालून पाहिलं. कासरा डाव्या हातात धरला तर चांद्या रस्त्याच्या बाजूला येतो. उजव्यात धरला तर मी.

बाबांचा टॉर्च दिसला. एकदा. मग ट्रकांची रांग.